कागद कोणाच्या हातात? — मुळशी, महारकी आणि बजावणीचा इतिहास

१

न्यायालयाचा किंवा सरकारी कचेरीचा कागद माणसाच्या हाती देण्याला मराठीत ‘बजावणी’ म्हणतात. बजावणे म्हणजे ताकीद देणे, दरडावून सांगणे. बजावणारा वर उभा आणि ऐकणारा खाली, हे या शब्दातच गृहीत धरलेले आहे. कागद ज्याला द्यायचा त्याला तो वाचता येतो का, समजतो का, उत्तर द्यायला त्याच्याजवळ वेळ आणि साधन आहे का, हे प्रश्न या शब्दात बसत नाहीत. सांगणाऱ्याने सांगितले की काम संपले.

वरवर पाहता हा विषय वकिलांचा आणि बेलिफांचा वाटेल. दलित विचाराच्या नियतकालिकात त्याला जागा का द्यावी, असेही कोणी विचारील. परंतु ज्या समाजाने शतकानुशतके गावाचे आणि सरकारचे कागद पायी वाहिले आणि ज्याला त्यातले एक अक्षर वाचण्याची मुभा नव्हती, त्या समाजाच्या दृष्टीने हा केवळ कार्यपद्धतीचा प्रश्न राहत नाही. नोटीस देणे म्हणजे ‘तुझे म्हणणे ऐकल्याशिवाय तुझ्याविषयी निर्णय होणार नाही’ अशी कबुली देणे. ही कबुली कोणाला मिळाली आणि कोणाला नाकारली गेली, याचा इतिहास म्हणजे या देशात माणूस कोणाला समजले गेले याचाच इतिहास होय. पुणे जिल्ह्यातील मुळशीचे उदाहरण समोर ठेवून हा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम कागद वाहणाऱ्याकडे पाहू.

महारकी ही गावगाड्यातील चाकरी. सरकारी टपाल एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवणे, आलेल्या अंमलदाराला वाट दाखवणे, त्याच्या घोड्यापुढे धावणे, पाटील-कुलकर्ण्यांच्या हुकमाने रयतेला चावडीवर बोलावून आणणे, हाळी देणे, गावच्या शिवेची साक्ष देणे, ही कामे महाराकडे होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात गावकीच्या कामांचे तपशीलवार वर्णन आहे. दवंडी कुठे महार देई, कुठे मांग. परंतु सरकारचा शब्द रयतेच्या कानापर्यंत जाई तो बहुतेक वेळा अस्पृश्याच्या तोंडून आणि अस्पृश्याच्या पायांनी.

आता या व्यवस्थेतला विरोधाभास पाहा. ज्याच्या स्पर्शाने घर बाटते, त्याच्या हातून सारा वसुलीचा हुकूम चालत असे. ज्याला चावडीची पायरी चढता येत नाही, तोच सगळ्या गावाला चावडीवर बोलावत असे. निरोप सांगायचा तो अंगणाबाहेर उभे राहून, मान खाली घालून. कागद द्यायचा असेल तर तो खाली ठेवायचा आणि मागे सरायचे. विटाळाच्या नियमांनी बजावणीचीही एक पद्धत ठरवून टाकली होती, आणि ती कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली नव्हती.

हे केवळ खेड्यातले नव्हते. १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या टेबलावर शिपाई कागदपत्रे दुरून फेकत असत, हे त्यांच्या चरित्रातून सर्वांना ठाऊक आहे. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या अधिकाऱ्याला कागद हातात मिळत नव्हता, तर महारवाड्यातल्या निरक्षर माणसाला तो कसा मिळत असेल याची कल्पना करावी.

वाहणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार तर कोणी केलाच नाही. दूताला मारू नये, हा राजनीतीतला जुना दंडक. तो राजाच्या दूतासाठी होता, येसकरासाठी नव्हता. कागदात जप्ती असली, साऱ्याचा तगादा असला, तर राग काढायला कलेक्टर हाती सापडत नाही. सापडतो तो निरोप घेऊन आलेला महार. निरोप पोचवला नाही तर पाटलाच्या शिव्या, पोचवला तर रयतेच्या. दोन्हीकडून मार खाणारा हा माणूस कायद्याने मात्र ‘वतनदार’ होता!

या वतनाचे खरे स्वरूप बाबासाहेबांनी उघडे केले. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. त्यांचा मुद्दा असा होता की महाराच्या चाकरीला वेळेची मर्यादा नाही, रात्र-दिवस सरकार त्याला राबवू शकते, आणि तो हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणालाही कामाला जुंपले जाते. म्हणजे मोबदला एकाचा आणि राबणूक सबंध कुटुंबाची. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतन मोडीत काढले होते. ब्रिटिश मुलखात मात्र सरकारला स्वस्तातला टपालवाला सोडवेना. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही अकरा वर्षांनी.

सरकारला कागद योग्य रीतीने पोचवायचा असेल तर पोचवणाऱ्याला पगार, ठरलेले तास, संरक्षण आणि साक्षरता द्यावी लागते. यातले काहीही न देता सरकारने काम करून घेतले. बजावणीच्या इतिहासातला हा पहिला अन्याय होय.

३

आता ज्याला कागद मिळायला हवा होता त्याच्याकडे वळू.

मुळशीचे खोरे सह्याद्रीच्या कुशीतले, पुण्याच्या पश्चिमेला. मुळा आणि निळा या नद्यांचा संगम तेथला. आंबेमोहोर तांदळासाठी हा भाग प्रसिद्ध. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून येथे धरण बांधण्याची योजना टाटांनी आखली. त्यासाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. पन्नासच्या आसपास गावे आणि काही हजार माणसे या पाण्याखाली जाणार होती.

मुळशीच्या शेतकऱ्यांना ही बातमी कशी कळली? त्यांच्या शेतात चर खणले जाऊ लागले तेव्हा. संपादनाची रीतसर नोटीस हाती पडण्याआधीच कंपनीची माणसे कुदळी घेऊन शेतात उतरली. एका शेतकऱ्याने हरकत घेतली तेव्हा कंपनीच्या गोऱ्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखले, ही हकीगत या लढ्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. कागदाच्या जागी पिस्तूल! आंदोलनाची ठिणगी पडली ती अशी.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पाडले. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा येथली. काम काही महिने थांबले, सरकारने भूसंपादनाचा कायदा पुढे केला, काम पुन्हा सुरू झाले, सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. बाया-माणसे तुरुंगात गेली, शि. म. परांजपे यांच्यासारखे संपादक तुरुंगात गेले. शेवटी १९२४ साली बापटांनी कंपनीची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झाले. १९२७ पासून भिरा येथे वीज तयार होऊ लागली. या लढ्यावर भुस्कुटे यांनी स्वतः लिहिले आहे आणि पुढे राजेंद्र व्होरा यांनी तपशीलवार संशोधन केले आहे.

ही हकीगत बहुतेकांना माहीत असते. परंतु बजावणीच्या अंगाने ती क्वचितच तपासली जाते.

१८९४ चा भूसंपादन कायदा काय सांगत होता? कलम ४ प्रमाणे सरकारने गॅझेटात अधिसूचना छापायची आणि तिचा आशय त्या भागात सोयीच्या जागी जाहीर करायचा. कलम ९ प्रमाणे जमिनीवर किंवा जमिनीजवळ जाहीर नोटीस लावायची. शिवाय जमिनीवर ज्याची प्रत्यक्ष वहिवाट आहे त्याला आणि ज्यांचे हितसंबंध आहेत असे माहीत आहे त्या सर्वांना स्वतंत्र नोटीस बजावायची. कलम ४५ प्रमाणे माणूस सापडला नाही तर घरातील प्रौढ पुरुषाला. तोही नसेल तर बाहेरच्या दाराला, किंवा कचेरीत वा न्यायालयात आणि त्याबरोबर त्या जमिनीवर, कागद डकवायचा.

वाचायला हे चांगले आहे. परंतु त्यात तीन भोके होती.

पहिले असे की, १९२१ साली या कायद्यात ‘ही जमीन घेऊच नका’ अशी हरकत नोंदवून सुनावणी मागण्याचा हक्कच नव्हता. तो कलम ५-अ या रूपाने १९२३ च्या दुरुस्तीने आला. तोपर्यंत नोटीस मिळाली तरी भांडता येत होते ते मोजणीवर आणि किमतीवर. ‘जान किंवा जमीन’ म्हणणाऱ्याला किमतीची नोटीस देणे म्हणजे त्याच्या प्रश्नाला भलतेच उत्तर देणे होते. न्यायालयाचे दार बंद होते म्हणून मावळा धरणावर बसला, हे त्याला ‘बेकायदेशीर’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घेतले पाहिजे.

दुसरे असे की, मुळशीतल्या पुष्कळशा जमिनींचा मालकी हक्क पुण्यातल्या सावकारांकडे गेलेला होता. कसणारा मावळा त्यांचे कूळ झाला होता. सावकारांपैकी अनेकांना भरपाई हवी होती; लढ्यात फूट पडली तिचे हे एक मोठे कारण. वहिवाट करणाऱ्याला नोटीस द्यावी असे कलम ९ म्हणत होते, परंतु कुळाला संरक्षण देणारे कायदे यायचे होते १९३९ आणि १९४८ साली. म्हणजे कागद दोघांना दिला तरी पैसा एकाच्या घरी जाणार होता. कुळाच्या हातातली नोटीस ही हद्दपारीची चिठ्ठी होती.

तिसरे भोक आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. संपादनाच्या तक्त्यात सर्वे नंबर येतो, क्षेत्र येते, आकार येतो, खातेदाराचे नाव येते. बलुते येत नाही. खळ्यावरचा वाटा, गावकीचा मान, गुरे चारायचे रान, ओढ्याची मासळी, जंगलातला कोळसा आणि कंद यांना सर्वे नंबर नसतो. गावाच्या धान्यात वाटा असलेला महार, मांग, चांभार आणि रानावर जगणारा कातकरी यांच्या जगण्याचे साधन जमिनीत होते, परंतु जमिनीच्या कागदात नव्हते. खातेदाराची जमीन गेली तेव्हा तिची किंमत ठरली. बलुतेदाराचे गावच गेले, आणि त्याची किंमत ठरवण्यासाठी कोणालाही नोटीस काढण्याची गरज कायद्याला भासली नाही. कलम ९ मधील ‘हितसंबंधी’ या शब्दात तो बसत नव्हता.

गावोगाव दवंडी द्यायची, रयतेला चावडीवर बोलवायचे, मोजणीदाराला शीव दाखवायची, ही कामे गावकीच्या रीतीने महाराचीच. आपले गाव बुडणार असल्याची वर्दी ज्याने इतरांना द्यायची, त्याला स्वतःला वर्दी देण्यास कोणी बांधील नव्हते. वतनसंस्थेचा याहून कडवट उपहास शोधून सापडणार नाही.

४

कायद्याच्या भाषेत ‘माणूस’ कोण, हे बजावणीच्या कलमांत जितके स्पष्ट दिसते तितके मोठमोठ्या जाहीरनाम्यांत दिसत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स बजावण्याचे नियम आहेत. ते पाचव्या आदेशात येतात. प्रतिवादी सापडला नाही तर समन्स त्याच्याबरोबर राहणाऱ्या ‘प्रौढ पुरुषाला’ द्यावे, असा मूळ नियम होता. नोकर हा कुटुंबाचा घटक नव्हे, असेही स्पष्टीकरण जोडलेले होते.

म्हणजे मुळशीतली बाई सत्याग्रहात पकडली जाऊ शकत होती, तुरुंगात जाऊ शकत होती. परंतु घरी आलेला कागद घरच्यांच्या वतीने घेण्याइतकी ती कायद्याच्या दृष्टीने प्रौढ नव्हती. दिवाणी संहितेत ‘पुरुष असो वा स्त्री’ ही दुरुस्ती झाली १९७६ साली. फौजदारी प्रक्रियेत तर ‘प्रौढ पुरुष’ हा शब्द १९७३ च्या संहितेतही तसाच राहिला. तो गेला १ जुलै २०२४ रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली तेव्हा. ज्या वस्त्यांतले पुरुष ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा मुंबईच्या गिरणीत गेलेले, तेथे घर बाईच चालवते. तेथे प्रौढ पुरुषाचा आग्रह धरणे म्हणजे कागद दाराला चिकटवून जाण्याची मोकळीक घेणे.

आणि दाराला चिकटवणे हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत नाजूक भाग. नियम असा आहे की माणूस सापडत नसेल किंवा सही द्यायला नाकारत असेल, तर बेलिफाने बाहेरच्या दारावर प्रत डकवावी आणि केव्हा, कशा परिस्थितीत डकवली, घर कोणी दाखवले, कोणासमक्ष डकवले हे लिहून न्यायालयाला अहवाल द्यावा. ही साक्षीची अट फार मोलाची आहे, कारण ती खोट्या अहवालाला अडवते. परंतु साक्षीदार निवडतो बेलीफ. चावडीवर किंवा गावातल्या एखाद्या वजनदाराच्या ओट्यावर बसून, वस्तीत पाऊल न टाकता, ‘इसम मिळून आला नाही’ किंवा ‘घेण्यास नकार दिला’ असा शेरा मारणे अवघड नसते. वस्तीत जायला जातीचा अभिमान आड येत असेल तर ते आणखी सोपे होते. मग एकतर्फी हुकूम होतो आणि माणसाला तो कळतो जप्ती दारात आल्यावर.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १९६० आणि १९७० च्या दशकांत उधारीवर वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी गरीब वस्त्यांतल्या लोकांवर दावे लावण्याचा सपाटा चालवला होता. समन्स वाटण्याचे काम खासगी माणसे करीत. ती कागद गटारात टाकीत आणि ‘बजावणी झाली’ असे शपथेवर लिहून देत. त्या प्रकाराला तेथे नावच पडले ‘गटारी बजावणी’. मार खाणारे बहुतेक निग्रो आणि पोर्टोरिकन गरीब होते. १९७१ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने अशा कागदवाटप्यांची शिक्षा कायम केली, आणि ती नागरी हक्क हिरावून घेतल्याच्या गुन्ह्यासाठी! समन्स न देणे हा निष्काळजीपणा नसून माणसाच्या हक्कावरचा घाला आहे, हे तेथे मान्य झाले. त्याआधी १९५० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व सांगितले होते की, नोटीस हा नुसता उपचार असू नये. समोरच्याला खरोखर कळावे अशी इच्छा असणारा माणूस जो मार्ग निवडील तो मार्ग निवडला पाहिजे. हार्लेमचा काळा माणूस आणि मावळातला महार यांच्यात समुद्र आहेत, परंतु कागद दोघांच्याही दारापर्यंत येऊन परत जात होता.

५

कागद आपल्यावर बजावला गेला तर काय करावे, याचा आदर्श आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे, आणि तोही मुळशीपासून फार दूर नाही. ताम्हिणीचा घाट उतरून माणगावच्या बाजूने पुढे गेले की महाड.

चवदार तळ्याचा सत्याग्रह पुन्हा करायचा असे ठरले तेव्हा सनातन्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषद होती २५ डिसेंबरला. म्हणजे हजारो माणसे निघायच्या तयारीत असताना हा कागद पुढे आला. त्याची वेळ अशी साधलेली होती की हुकूम मोडला तर कायदेभंगाचा ठपका, पाळला तर माघारीचा.

बाबासाहेबांनी तो हुकूम नाकारला नाही, फाडला नाही, चुकवलाही नाही. परिषद भरवली, मनुस्मृतीचे दहन केले, लोकांशी चर्चा करून तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला आणि त्या दाव्याला न्यायालयात तोंड दिले. हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तळ्यावर फक्त स्पृश्यांचा हक्क असल्याची अनादी रूढी प्रतिपक्षाला सिद्ध करता आली नाही.

तहकुबीचा निर्णय तेव्हा पुष्कळ तरुण कार्यकर्त्यांना कडू लागला असेल. मुळशीचा मार्ग त्यापेक्षा निराळा होता आणि त्यातल्या त्यागाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु एक फरक ध्यानात घ्यावा. महाडला कागद हातात आला होता आणि त्याला उत्तर देता येत होते; प्रतिवादी म्हणून का होईना, अस्पृश्याचे नाव न्यायालयाच्या दप्तरात बरोबरीच्या पक्षकाराचे म्हणून लागले होते. ज्यांनी दावा लावला त्यांनीच नकळत हे मान्य केले की याचे म्हणणे ऐकावे लागेल. बाबासाहेबांनी त्या कबुलीचा पुरेपूर उपयोग केला. कागदाला भिऊन पळणाऱ्याला हे करता आले नसते.

६

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, हे मान्य केले पाहिजे. १९८४ च्या दुरुस्तीने संपादनाची अधिसूचना दोन दैनिकांत, त्यांपैकी निदान एक प्रादेशिक भाषेत, छापणे आवश्यक ठरले. १९८५ साली अलाहाबादच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गॅझेटातली अधिसूचना पुरेशी नाही. गावात जाहीर नोटीस देणेही बंधनकारक आहे. २०१३ च्या कायद्याने १८९४ चा कायदा रद्द केला. त्यात ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत शेतमजूर, कूळ, वाटेकरी यांनाही जागा मिळाली. ज्या बिनसातबाऱ्याच्या माणसाला १९२१ साली कोणी मोजले नाही, त्याला कायद्याच्या पुस्तकात शिरायला ब्याण्णव वर्षे लागली.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्तीने आलेले आणि २०१६ पासून लागू असलेले कलम १५-अ तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवे. पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना न्यायालयीन कारवाईची, जामीन अर्जाचीसुद्धा, वेळेवर आणि अचूक सूचना मिळण्याचा हक्क या कलमाने दिला. ही सूचना बंधनकारक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले. नोटीस न देता आरोपीला जामीन मिळाला तर ती तक्रारीची बाब आहे, नशिबाची नव्हे.

परंतु कायद्यातला शब्द वस्तीपर्यंत आपोआप चालत येत नाही. पूर्वी तो महार आणीत होता. आता तो कोण आणणार? मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस, समोरच्याने उघडून पाहिल्याच्या खुणेवरून, पोचली असे धरले. यंत्र जात पाहत नाही हे खरे. पण मोबाईल घरात एक आणि तो कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात, अशा घरात ती खूण कोणी पाहिल्याची? हिंजवडीच्या संगणक कंपन्यांपासून धरणाच्या काठच्या कातकरी वाडीपर्यंत हा एकच मुळशी तालुका पसरलेला आहे. दोन्ही टोकांना कागद एकाच वेगाने पोचतो असे समजणे हे जुन्याच अन्यायाचे नवे रूप ठरेल.

७

म्हणून या इतिहासातून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी काही व्यवहाराचे धडे घेतले पाहिजेत.

कागद आला तर तो घ्यावा. ‘घेतला नाही म्हणजे लागू होत नाही’ हा समज आपल्या वस्त्यांत खोलवर रुजला आहे आणि त्याने अनेक घरे बुडवली आहेत. बरोबर पत्त्यावर आलेले टपाल नाकारले तर कायदा ते पोचले असेच धरून चालतो. घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. सही किंवा अंगठा करताना तारीख आणि वेळ लिहावी, किती पाने मिळाली ते लिहावे, कोऱ्या जागेवर सही करू नये. त्याच दिवशी कोणाकडून तरी तो वाचून घ्यावा आणि पुढची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. निवाड्याविरुद्ध न्यायालयाकडे जाण्याची सहा आठवड्यांची मुदत १८९४ च्या कायद्यात होती, २०१३ च्या कायद्यातही आहे.

बेलीफ, तलाठी, कोतवाल किंवा पोस्टमन यांच्यावर राग काढू नये. तो पोटासाठी आलेला आहे. कदाचित आपल्याच आज्याच्या वाटेने चालणारा आहे. त्याला अडवणे, दमदाटी करणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्या पूर्वजांनी जे भोगले तेच दुसऱ्याला देणे आहे. तो वस्तीत आला की त्याला पाणी द्यावे, बसवावे, आणि कागद कोणाच्या नावचा आहे ते विचारावे. वस्तीत न येताच त्याने शेरा मारला असेल तर मात्र गप्प बसू नये. एकतर्फी हुकूम झाल्याचे कळताच, समन्स बजावले गेले नव्हते या कारणाने तो रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत द्यावा. खरोखरच बजावणी झालेली नसेल तर ही मुदत हुकूम कळल्या दिवसापासून मोजली जाते. परंतु तारीख आधीच कळलेली होती असे दिसले, तर नुसत्या तांत्रिक चुकीवर हुकूम उलटत नाही हेही ध्यानात असू द्यावे.

कागद आपण बजावणार असू तर पद्धत आणखी काटेकोर हवी. सरकारवर दावा करायचा तर दिवाणी संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिने आधी नोटीस कलेक्टरच्या कचेरीत किंवा सचिवाकडे द्यावी लागते. ती देऊन शिक्क्याची पोच घ्यावी. टपालाने पाठवली तर पावती आणि पोच दोन्ही जपावी. नोंदणीकृत टपालाची सेवा २०२५ साली स्पीड पोस्टात मिळवली गेली आहे, तेव्हा तिकडची पोच घ्यावी. न्यायालयाने समन्स ‘हमदस्त’ दिले, म्हणजे आपल्याच हाती पोचवायला दिले, तर एकट्याने जाऊ नये. गावातल्या बड्या माणसाला कागद द्यायचा असेल तर दिवसाउजेडी, दोन जाणत्या साक्षीदारांसह, शांतपणे जावे. कागद हातात द्यावा. भिरकावू नये, आणि त्याने जमिनीवर ठेवायला सांगितले तर तसे सांगितल्याचेही लिहून ठेवावे. तो नाकारत असेल तर हुज्जत न घालता परतावे आणि न्यायालयाला कळवावे. पुढची बजावणी मग न्यायालय करते. धोका वाटत असेल तर पहिल्यापासूनच बेलिफामार्फत जाण्याचा आग्रह धरावा. शौर्य दाखवण्याची ही जागा नव्हे. पुरावा तयार करण्याची जागा आहे.

शाळांत आणि रात्रवर्गांत मुलांना अर्ज लिहायला आपण शिकवतो. समन्स वाचायलाही शिकवले पाहिजे. नाव, दाव्याचा नंबर, न्यायालय, तारीख, मुदत, सोबतची कागदपत्रे या सहा गोष्टी आठवीतला मुलगा किंवा मुलगी ओळखू शकते. वस्तीत असे दोन जण असले तरी एकतर्फी हुकुमाचे निम्मे भय कमी होईल.

मुळशीच्या पाण्याखाली जी गावे आहेत, त्यांतल्या बलुतेदाराच्या नावाची नोटीस कधीच निघाली नाही. ती आता निघू शकत नाही. परंतु ज्या माणसाने शेकडो वर्षे दुसऱ्यांचे कागद वाहिले, त्याच्या नातवंडांच्या नावाने यापुढे निघणारा प्रत्येक कागद त्यांच्याच हातात, त्यांना कळेल अशा भाषेत आणि उत्तर देता येईल इतक्या वेळेत पडला पाहिजे. याहून कमी काही झाले तर त्याला बजावणी म्हणण्याचे कारण नाही.